बेहड्याच्या पोटातला मासा

सोम्याने कुऱ्हाड घातली आणि बेहड्याच्या खोडातून पाण्याची धार सुटली. सगळा पाडा देवरानात जमला होता. बायका हंडे-मडकी घेऊन पुढे धावल्या. सूर्यमाळच्या डोंगरात ऐन वैशाखात असं वाहतं पाणी कुणी पाहिलं नव्हतं. म्हातारी माणसं धारेखाली डोकी धरून बसली.

खोडाशेजारी डोंगरबुवा उभे होते. कपाळभर शेंदूर, गळ्यात कवड्या, आवाज घशाच्या तळातून काढलेला.

"ह्याच झाडांनी तुमचा झिरा पिऊन टाकला," ते म्हणाले. "गावदेवी आई स्वप्नात येऊन मला सांगते, ह्या मुळ्यांनी माझा गळा आवळलाय. झाडं पाडा, मी मोकळी होते."

मी तेव्हा जव्हार दरबारचा देवी टोचणारा होतो. टोचायलाच आलो होतो, पण एकही आई मूल घेऊन पुढे आली नाही. ह्या पाण्याचा घोट पाजला की देवीचा रोग येतच नाही, असंही बुवांनी सांगून ठेवलं होतं. बुवांची आई फारच सोयीची होती. तिला झाडं नको होती, आणि खाली रस्त्यावर लाकडाच्या ठेकेदाराच्या गाड्या आधीपासून सोडून ठेवलेल्या होत्या.

वरचा डोंगर ह्याच ठेकेदाराने काही वर्षांपूर्वी कोळशासाठी उघडा केला होता. तेव्हापासून पाड्याचा पिण्याच्या पाण्याचा झिरा दर उन्हाळ्यात लवकर आटू लागला. उरलं होतं ते फक्त देवरान, कारण गावदेवीच्या भीतीने तिथली काटकीसुद्धा कुणी उचलत नसे. ते राखण्याचा मान सोम्याच्या घराचा. बुवांनी झाडं पाडायला सांगितलं तेव्हा त्याने नकार दिला. पाड्याने त्याच्याशी बोलणं टाकलं. मग त्याची सून गोदी नदीवरून पाणी आणताना दरीत घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. लोक म्हणाले, आईचा कोप झाला. त्यानंतर सोम्याने नकार सोडला. बुवांनी शेंदराने जिथे खूण केली होती, तिथेच त्याने घाव घातला. राखणाऱ्यानेच घाव घातल्यावर बाकीच्यांना अडवणारं कुणी उरलं नाही. चहूकडून कुऱ्हाडींचे आवाज येऊ लागले.

सोम्याने एक मडकं भरून घेतलं आणि घराकडे निघाला. गोदीचा पाय बघावा म्हणून मीही त्याच्या मागे गेलो.

ती भिंतीला टेकून बसली होती. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या. सोम्याने मडकं तिच्यापुढे ठेवलं. तिने ओंजळीत पाणी घेतलं, तोंडाकडे नेलं आणि थांबली. ओंजळीत बोटाच्या पेराएवढा मासा वळवळत होता.

"बाबा, हा नदीतला हाय," ती म्हणाली. "हंडा बुडवला का रोज येतो. झाडात कसा गेला?"

सोम्या माशाकडे बघत राहिला. मी मासा परत मडक्यात सोडला, मडकं उचललं आणि देवरानात आलो. तोवर पाच-सहा झाडं आडवी झाली होती आणि बेहड्याची धार आटून नुसते थेंब पडत होते.

सोम्याच्या घावाखाली मातीत शेंदूर लागलेले मेणाचे तुकडे पडले होते. मेणावर साल चिकटवलेली होती. मी खोडावर चढलो. वर फांद्यांच्या बेचक्यात ढोलीचं तोंड होतं, आणि त्याच्या कडेला चामड्याची पखाल घासल्याच्या ताज्या खुणा. सगळा प्रकार उघड झाला. झाड आतून पोकळ. खाली भोक पाडून ते मेणाने बुजवायचं, वरून पखालींनी नदीचं पाणी ओतायचं, आणि मेणावर शेंदूर फासून घाव कुठे घालायचा ते दाखवायचं.

मी खाली उतरून लोकांना मेण दाखवलं, मासा दाखवला.

बुवा डगमगले नाहीत. "मत्स्यावतार!" त्यांनी हात जोडले. "पापी माणसाला देव दिसतो, पण ओळखू येत नाही."

काहींनी माशालाही हात जोडले. मी म्हणालो, "ठीक आहे. मी दाखवतो त्या झाडाला बुवांनी स्वतः घाव घालावा. पाणी आलं तर मी त्यांच्या पाया पडतो."

बुवा म्हणाले की आईची वेळ टळली. मग काळ्या नावाचा एक दांडगा माणूस पुढे झाला. त्याने अर्ध्या तोडलेल्या एका झाडाच्या घावात हात घातला आणि तो सगळ्यांना दाखवला. हाताला ओलसर भुसा लागला होता. पाणी नव्हतं. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. एकेक करत सगळ्यांनी ठेवली. बुवांना कुणी मारलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. ते गाड्यांच्या दिशेने चालत गेले. संध्याकाळपर्यंत गाडीवाले वर आले आणि पडलेलं लाकूड भरून घेऊन गेले. कुणी अडवलं नाही. पडलेल्या लाकडाचं पाड्यावर कोण काय करणार होतं?

सोम्या बेहड्याशी बसून होता. मी शेजारी बसलो.

"झाडा पानी पीत नाय का?" त्याने विचारलं.

"पितात. पण पिण्याहून जास्त साठवून ठेवतात. पावसाचं पाणी मुळ्या धरतात, पाचोळा धरतो, ते जमिनीत मुरतं आणि झिऱ्यातून हळूहळू बाहेर येतं. वरचा डोंगर उघडा झाला तेव्हापासूनच तुमचा झिरा आटत चाललाय."

"आता लावली झाडा, त परत येल?"

"येईल. तुला मला दिसायचा नाही कदाचित."

त्याने मान हलवली.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा झिऱ्याच्या जागी तडकलेली माती होती. अर्धा पाडा नदीकडे उतरला होता. गोदी काठी टेकत चालत होती. सोम्या तिथेच राहिला होता. तोडलेल्या जागी गुरं शिरू नयेत म्हणून तो काट्यांचं कुंपण घालत होता. आत बेहड्याची दोन-चार रोपं आपोआप उगवली होती.

तुमच्या देवाला तुम्ही हात जोडा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कुणी देवाच्या नावाने जंगलावर कुऱ्हाड चालवायला सांगितलं, तर आधी त्याला विचारा की लाकूड कुठे जाणार आहे. आणि खोडातून पाणी आलं तर ते पिण्याआधी ओंजळीत नीट बघा.