जड दांडी, हलकं बटण

सासूबाईंनी डाव्या हाताने चहाचा कप उचलला आणि हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगून टाकलं, "रविवारी एक गृहस्थ यायचेत. मशीन घेऊन जातील."

सुनेच्या हातातलं बिस्किट चहात पडलं ते पडलंच. या घरात मशीन म्हटलं की कपडे धुण्याचं यंत्र कुणाच्या मनात येत नसे. मशीन म्हणजे सासूबाईंचा जुना होम कॉम्प्युटर. कीबोर्डाच्या जाडजूड डब्यातच सगळा जीव, पडदा म्हणून टीव्ही, आणि शेपटाला जोडलेली एक काळी जॉयस्टिक, जिच्या दांडीच्या डोक्यावर लाल बटण. आता असल्या वस्तू गोळा करणारे हौशी लोक असतात, आणि त्यातल्याच एका संग्राहकाला सासूबाईंनी परस्पर फोन करून बोलावणं धाडलं होतं. विचारणं वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतंच.

"का पण, आई?"

"कंटाळा आला. किती वर्षं तेच ते दगड फोडायचे?"

सूनबाईंना हे खोटं आहे हे कळायला दुर्बीण लागत नव्हती. सासूबाईंचा उजवा हात शालीखाली होता. खोलीत उकडत होतं, तरी शाल होती.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. उमेदीचं आयुष्य एका भोकातली वायर काढून दुसऱ्यात खुपसण्यात गेलं. मग एक्स्चेंज कॉम्प्युटरवर गेलं आणि ऑपरेटर बायका घरी बसल्या. बाकीच्यांनी त्या कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडली. सासूबाईंनी मात्र एक वापरलेला कॉम्प्युटर घरी आणला. म्हणाल्या, ज्याने माझी खुर्ची घेतली तो आहे तरी कोण, बघू दे मला. बघता बघता त्यातल्या एका खेळाचं त्यांना वेड लागलं. खाली एक चिमुकलं यान, वरून कोसळणारे दगड. दांडीने यान हलवायचं, बटणाने दगड फोडायचे. बस, एवढंच. पण त्या एवढ्याशात त्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. मुलगा तर लहानपणीच शरण आला होता आणि आजही त्या खोलीत शिरताना जरा दबकूनच शिरायचा.

गेल्या वर्षी उजव्या हाताला थरथर सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, गोळ्यांनी थोडी कमी होईल, पण पाठ सोडणार नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन हळूहळू एकेक गोष्ट सोडत गेल्या. आधी पाहुण्यांसमोर चहा ओतणं सोडलं. मग सही करायचं सोडलं. मग बाहेर जाणंच कमी झालं. हात शालीखाली गेला तो गेला. आता मशीनही निघालं, तर त्या हाताला बाहेर यायला कारणच उरणार नव्हतं.

तसा या सुनेचा धंदा हातांचाच. लोखंडाच्या कारखान्यात ती क्रेनची फिटर होती. छताखालून धावणाऱ्या, तोंडात टनावारी लोखंड धरून नेणाऱ्या क्रेन; त्यांचे ब्रेक, त्यांच्या वायरी, त्यांचे कंट्रोल हिच्या ताब्यात. सासूबाई तिला लाडाने "फिटरीण" म्हणायच्या आणि शेजारणींसमोर मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या.

ही फिटरीण झाली तीही सासूबाईंमुळेच. बाळ पाळण्यात होतं तेव्हा क्रेनच्या कामाचं शिक्षण घ्यायची संधी आली, आणि तीही परगावी. नातेवाइकांनी नाकं मुरडली. आईच्या दुधापेक्षा लोखंड मोठं झालं का, इथवर बोलून झालं. सासूबाईंनी सगळ्यांचं शांतपणे ऐकलं, सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि सुनेला म्हणाल्या, "मूल मी बघते. तू क्रेन बघ." पुढचे सगळे महिने डाव्या हातावर नात आणि उजव्या हातात जॉयस्टिक, असा त्यांचा संसार चालला. त्या नातीला अंगाईची गरजच पडली नाही, दगड फुटण्याचा आवाज आला की ती झोपायची. आता नात शिकायला दूर गेली होती. पण या सगळ्या वर्षांत सासूबाईंनी ते उपकार एका शब्दाने बोलून दाखवले नव्हते. आणि सुनेनेही कधी आभार मानले नव्हते. काय म्हणून मानायचे? असल्या गोष्टीला पुरेल एवढा शब्द तिला सापडला नव्हता.

"आई, रविवारपर्यंत जॉयस्टिक माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "तुम्हाला चालेल अशी करून देते. नाही जमलं तर खुशाल देऊन टाका सगळं."

"कर बाई," सासूबाई म्हणाल्या. "तुझी हौस."

हौस होतीच. सासूबाईंची जॉयस्टिक दुरुस्त करता करता तिला त्या कामाची गोडी लागली होती, आणि ऐकून ऐकून लोक आपापल्या जुन्या जॉयस्टिक तिच्याकडे पाठवायचे. त्या सगळ्यांचं मागणं एकच असायचं: वेग. दांडी जरा कलली की यान पळालं पाहिजे. आतल्या जुन्या पत्र्याच्या पट्ट्या काढायच्या, त्यांच्या जागी टिकटिक वाजणारे नाजूक मायक्रोस्विच बसवायचे, दांडीचा प्रवास कमी करायचा. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिने सासूबाईंच्या जॉयस्टिकलाही तेच केलं. जवळ जपून ठेवलेले सगळ्यात चांगले स्विच काढले. चार दिशांना चार, बटणाखाली एक. हिशेब सरळ होता: हात अशक्त झालाय, तर दांडी इतकी हलकी करावी की नुसत्या बोटाने वळेल. काम देखणं झालं. ते बघून तिची तिलाच दृष्ट लागावी, इतकं.

सासूबाई टीव्हीसमोर बसल्या. शालीतून हात बाहेर आला, दांडीवर गेला, आणि यानाला जणू थंडी वाजून आली. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, ते जागच्या जागी फडफडायला लागलं. हाताची प्रत्येक थरथर त्या गुणी स्विचांनी इमानदारीने पडद्यावर पोचवली. पहिल्याच दगडाला यान फुटलं. दुसरं फुटलं. तिसरं तर दगड येण्याआधीच भिंतीवर जाऊन आपटलं.

सासूबाई हसल्या. ते हसणं सुनेला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"तुझ्या कामात खोट नाही, फिटरणी," त्या म्हणाल्या. "खोट माझ्या हातात आहे. आता पुरे."

हात परत शालीखाली गेला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सूनबाईंचं कामात लक्ष नव्हतं. एका क्रेनला नवा हँडल बसवला होता आणि क्रेन चालवणाऱ्या काकांची त्यावर तक्रार होती.

"फार हलका झालाय," काका म्हणाले. "मला शिंक आली तर वर लोखंड झोके घेतं. खाली माणसं असतात बाई."

"स्प्रिंग बदलते," ती म्हणाली. तिच्यासाठी हे रोजचंच काम होतं. क्रेनचा हँडल मुद्दाम जड ठेवायचा असतो. सुरुवातीला थोडा प्रवास रिकामा जाऊ द्यायचा असतो, म्हणजे धक्का, शिंक, खोकला त्यातच विरून जातो आणि माणसाने मनापासून ढकलला तरच वरचं ओझं हलतं. तिने जाड स्प्रिंग दाबून बसवली, पान्याने दोन आटे आवळले, आणि एकदम थांबली. कपाळाला हात लावून ती क्रेनच्या शिडीवरच बसली.

रोज जे करते ते घरी कसं सुचलं नाही? दुनियेला वेग देता देता तिच्या डोक्यातच बसलं होतं की जॉयस्टिक सुधारणं म्हणजे ती चपळ करणं. सासूबाईंना तर मठ्ठ जॉयस्टिक हवी होती. चांगली ढिम्म, म्हशीसारखी, हलवल्याशिवाय न हलणारी.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही काका. तुमच्या शिंकेचं भलं होवो."

घरी येऊन तिने चारी दिशांचे ते देखणे स्विच उपटून काढले. पत्र्याच्या जुन्या पट्ट्या परत बसवल्या आणि त्यांच्यातलं अंतर वाढवलं. दांडीखाली कडक स्प्रिंग घातली, भोवती जाड रबराची चकती. डबा हलू नये म्हणून तळाला लोखंडाची पट्टी ठोकली. मग स्वतः खेळायला बसली आणि मुद्दाम हात थरथरवत राहिली. थरथरताना यान हललं की पुन्हा उघडायचं, चकती वाढवायची. नवरा दारात आला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ताप आहे का तुला?"

"जा इथून. तुला यातलं काय कळतंय?"

रविवार उजाडला तेव्हा दांडी तयार होती. बटण राहिलं होतं. बटणाखाली अजून तो पहिला नाजूक स्विच होता. त्यालाही जाड स्प्रिंग घालायची होती, पण मापाची मिळाली नव्हती.

"आधी दांडी बघून घ्या, आई," ती म्हणाली. "बटण मग नीट करते."

सासूबाईंनी सुनेवर उपकार केल्यासारखा हात बाहेर काढला. चार बोटांनी दांडी पकडली. हात थरथरत होता. यान मात्र गप्प उभं होतं. त्यांनी दांडी डावीकडे रेटली, ते डावीकडे गेलं. सोडली, थांबलं. सासूबाईंनी सुनेकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे.

दगड यायला लागले. त्यांनी अंगठा बटणावर टेकवला, आणि यानातून गोळ्यांचा पाऊसच सुटला. अंगठा थरथरतोय, खाली तो हळवा स्विच, आणि प्रत्येक थरथरीला एक गोळी. कुणा तरण्याताठ्याच्या अंगठ्याला जन्मात जमणार नाही असा मारा. दगडांची जमिनीवर यायची छाती होईना.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाई ओशाळली. "ते बटण तेवढं राहिलंय. जरा थांबवा, लगेच जड करते..."

"खबरदार हात लावशील तर!"

तेवढ्यात दारावर थाप पडली. संग्राहक आला होता, मध्यमवयीन, हातात रिकामं खोकं आणि गुंडाळलेलं जुनं ब्लँकेट. त्याला आत घेतलं, खुर्ची दिली. पण तो बसला नाही. पडद्यावरचे आकडे बघून त्याने खोकं खाली ठेवलं आणि पुढे सरकला.

"काय जबरदस्त मारा आहे हा!" तो म्हणाला. "मी इतक्या जॉयस्टिक पाहिल्या, आपोआप गोळ्या झाडणारं एवढं वेगवान सर्किट नाही पाहिलं. कुठलं बसवलंय आजी?"

वर्षभरात सासूबाईंनी परक्या माणसासमोर तो हात काढला नव्हता. आज नादाच्या भरात तो उघड्यावर राहिला होता, आणि आता त्यांच्या ते ध्यानात आलं होतं. शाल मांडीवरच पडली होती. त्यांनी शालीकडे पाहिलंही.

मग त्यांनी दांडी सोडली आणि उजवा हात त्याच्या नाकासमोर धरला. तसाच, थरथरता.

"हे सर्किट," त्या म्हणाल्या. "आणि बाकीचं सगळं माझ्या सुनेने केलंय. माझ्या आयुष्यात मी एक शहाणपणाचं काम केलं, हिला क्रेन शिकायला पाठवलं."

दारात उभ्या असलेल्या सुनेचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत. इतकी वर्षं ती स्वतःशी शब्द शोधत राहिली होती, आणि ज्यांचे आभार मानायचे त्या बाई चारचौघांत तिचेच आभार मानून मोकळ्या झाल्या होत्या. "आई, मी जी काही आहे ती तुमच्यामुळे आहे," ती म्हणाली.

संग्राहकाला काय करावं कळेना. त्याने समोरचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि आदराने धरून राहिला.

"सोड रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. "मला तो लागतोय. दगड येतायत."