बटणाची लेन्स

"हलला हो काका," दुकानदारीण म्हणाली आणि तिने कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरला. रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी दिसत होती, पण एकाही अक्षराला धड कड नव्हती.

"माझा फोटो हलत नाही," मीटरवाले काका म्हणाले. चौतीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचण्यात गेली, त्यामुळे हे नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं होतं. "थांब, पुन्हा काढतो."

पुन्हाही हलला. तिसऱ्यांदा तर पाटी ओळखूच येईना.

काउंटरवर दोन लेन्स मांडल्या होत्या. त्यांतली एक आता काकांच्या कॅमेऱ्याला होती, दुसरी तशीच उभी. उंची तीच, जाडी तीच, लांबचं जवळ आणायची ताकदही तीच. फरक एवढाच, की दुसरीच्या अंगावर एक छोटं बटण होतं. ते चालू केलं की हाताची थरथर लेन्स आतल्या आत सांभाळून घेते म्हणे. काकांनी हट्टाने बिनबटणाची उचलली होती. त्यांची जुनी तशीच होती. दोन वर्षं कपाटात पडून तिच्या काचेला बुरशी लागली, म्हणून तर ही पायपीट.

"त्या लेन्सने तीस वर्षं तळ्यावरचे पक्षी टिपले. एक हललेला फोटो दाखव मला!"

"मग स्टँड लावत असाल तुम्ही."

"स्टँड कसला! कधी घेतलाच नाही," काका ताडकन म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं.

होता की स्टँड. पाच फुटी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. दर रविवारी सकाळी बायको त्यांच्यापुढे उभी राहायची आणि ते तिच्या खांद्यावर लेन्स टेकवायचे. तिला पक्ष्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. पण काकांनी "हं" म्हटलं, की जावेबद्दलचं वाक्य अर्ध्यात टाकून ती श्वास रोखून धरायची. फोटो निघाला की काका म्हणायचे, "झालं, सोड श्वास." मग वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुढे सुरू. आणि काका समजायचे, आपला हात पक्का आहे. ती जाऊन दोन वर्षं झाली, आणि हे त्यांना आज कळत होतं, तेही परक्या पोरीसमोर. रडू येईल असं वाटलं, म्हणून ते खोकले.

"पाणी देऊ का काका?"

"नको. ती बटणाची दे."

तिने लेन्स बदलून दिली. "फोटो काढायचं बटण आधी अर्धंच दाबा. आतून बारीक आवाज येईल, चित्र स्थिर होईल. मग पूर्ण दाबा."

पाटीचं अक्षर न् अक्षर लख्ख आलं. काकांनी तीच लेन्स घेतली.

रविवारी तळ्याच्या काठावर एक करकोचा एका पायावर उभा होता. काका सवयीने पाऊलभर मागे सरकले, पुढे एका माणसाची जागा सोडून. मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. त्यांनी अर्धं दाबलं. आतून बारीक गुणगुण आली आणि करकोचा डोळ्यापुढे थांबला. त्यांनी फोटो काढला. छान आला होता.

"झालं," ते म्हणाले, "सोड श्वास."

जावेची गोष्ट पुढे कुणी सुरू केली नाही.