तीन गोळ्यांचा मध्य

टक्. टक्. लेक ओवी नुकतीच झोपली होती आणि दुपारच्या त्या शांत घरात एवढाच आवाज. सुरुचीने स्वयंपाकघरातून डोकावलं. नवरा, सिद्धार्थ, जेवणाच्या टेबलाशी बसून रायफलीच्या दुर्बिणीचा नॉब फिरवत होता. त्याच्या दुकानाचे अरब मालक, ज्यांना सगळे 'अरबाब' म्हणत, हरणाच्या शिकारीसाठी हंगेरीला निघाले होते. ही दुर्बीण रायफलीवर बसवून नेम जुळवून दिला, तर ते त्यालाही बरोबर नेणार होते.

"शुक्रवारी तूही चल गं. ओवी वाळूत खेळेल."

वाळूत! एनसीसीच्या नेमबाजीत पदक आणलं ते सुरुचीने. ह्याने आयुष्यात जत्रेतला फुगासुद्धा फोडला नव्हता. ती एवढी जळली, की तव्यावरची पोळीही करपली.

शुक्रवारी फुजैराकडच्या अरबाबांच्या शेतावर सिद्धार्थने वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली. समोरच्या निशाणाच्या कागदावर पहिली गोळी डावीकडे गेली. त्याने नॉब फिरवला. दुसरी उजवीकडे. पुन्हा नॉब. तिसरी कागदाबाहेरच.

कागद लावणारा बदरुद्दीन म्हणाला, "साहब, हिरन तो हँसते-हँसते मर जाएगा!"

सुरुचीला आतून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही. घामेजलेल्या त्याच्या मानेकडे बघून तिला राहवेना. ती त्याच्या कानाशी वाकली.

"अरे, दर गोळीला काय फिरवतोस? नॉबला हात न लावता तीन मार. तिन्हींचा मध्य धर, मग फिरव. आणि घोडा ओढू नको, हळू दाब." मग आणखी हळू, "एक मी मारू?"

"वेडी आहेस का? अरबाब बघतायत!"

तरी त्याने तिचं ऐकलं. तीन गोळ्या, मुठीत मावतील एवढ्या जवळ. मध्य धरून त्याने नॉब मोजून फिरवला. पुढच्या तिन्ही काळ्या वर्तुळात.

अरबाबांनी त्याची पाठ थोपटली. "मुमताज! बहुत बढ़िया! किसने सिखाया?"

सिद्धार्थची नजर क्षणभर सुरुचीवर थांबली. "बस, प्रॅक्टिस, सर."

"खलास, पक्का! तुम मेरे साथ चलेगा, हबीबी."

सुरुचीने टाळ्या वाजवल्या. त्याच्या गालावर रायफलीच्या दस्त्याचा लाल वळ उठला होता. तो तिला हवा होता, आपल्या गालावर.

शेजारी वाळूत खेळता खेळता सगळं ऐकत असलेल्या ओवीने तिची ओढणी ओढली. "मम्मा, यू टॉट हिम, ना? देन व्हाय डिडन्ट बाबा से सो?"