बदलीची पेटी

मी एक जुनी काळी लोखंडी पेटी आहे. माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात मालकाचं नाव आहे आणि त्याखाली गावाचं. गावाचं नाव इतक्या वेळा खोडून रंगवलंय की तिथं रंगाचा चांगला जाड थर बसलाय. मित्रांनो, हवाई दलातल्या माणसांच्या घरी माझ्यासारख्या पेट्या असतात. दर दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येतो आणि आम्ही ट्रकमध्ये चढतो.

देवळालीच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवलं. लक्ष्मीकांत आणि स्मिता यांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. तेजपूर, जामनगर, बिदर अशी गावं मी त्यांच्यासोबत पालथी घातली. त्यांचा मुलगा अंशुमन प्रत्येक बदलीला मित्रांनी दिलेली कार्डं माझ्या तळाशी ठेवायचा. नव्या गावी गेला की त्यांच्या फोनची वाट बघायचा. दोन महिन्यांत फोन बंद व्हायचे. मला वाईट वाटायचं, पण पेटीला कोण विचारतं?

मग चंडीगड आलं. अंशुमन कॉलेजात गेला आणि त्याच्या खोलीत मला बैठ्या टेबलाचा मान मिळाला. माझ्यावर कॉम्प्युटर विराजमान झाला. पोरगा दिवसदिवस माझ्यासमोर मांडी घालून बसायचा आणि मी वेडी फुशारून गेले. मला वाटलं, माझा भाव वधारला!

कानाला हेडफोन लावून तो दूरदूरच्या मित्रांशी बोलत गेम खेळायचा, खदखदून हसायचा. हळूहळू हसणं थांबलं, खेळ मात्र थांबेना. जेवायला हाक मारली की "आ रहा हूँ, आई" म्हणायचा आणि ताट गार व्हायचं. घरी कुणी नसलं की तो अश्लील व्हिडिओ बघायचा आणि नंतर माझ्यावर कपाळ टेकून बसायचा. ते कपाळ फार तापलेलं असायचं. मला हात असते तर मी त्याला थोपटलं असतं.

बदलीचा हुकूम आला त्याच आठवड्यात कॉलेजचं पत्रही आलं. हजेरी नाही, म्हणून परीक्षेला बसता येणार नाही. लक्ष्मीकांतांनी कॉम्प्युटर उचलला, माझ्या पोटात ठेवला आणि कुलूप लावलं.

"झालं गेलं विसर," ते म्हणाले. "नवं गाव, नवे मित्र. तिथं सगळं नीट होईल."

अंशुमन जमिनीवरच बसला. "बाबा, हर बार यही कहते हो. दोस्त छूट जाते हैं. बस ये वाले नहीं छूटते." मग मान खाली घालून म्हणाला, "और सिर्फ गेम नहीं है. गंदी वीडियो भी देखता हूँ. शर्म आती है, पर छूटता नहीं."

आता रागावतील म्हणून मी धास्तावले. पण लक्ष्मीकांत माझ्याशेजारी जमिनीवर बसले. त्या खोलीत ते असे पहिल्यांदाच बसले होते.

"डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो बरोबर," ते म्हणाले. "आणि बदली सहा महिने पुढं ढकलता येते का, ते साहेबांना विचारतो. आजवर कधी काही मागितलं नाही." मग त्यांनी विचारलं, "हे तुझे गेममधले मित्र राहतात कुठं?"

"एक कोचीला. एक गुवाहाटीला. हरकीरत इथंच, मुल्लानपूरला."

"मुल्लानपूर? अरे, अर्ध्या तासावर! कधी भेटलास का त्याला?"

अंशुमनने नकारार्थी मान हलवली. तीन वर्षं रोज बोलत होते दोघं, आणि एकमेकांचा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"ऊठ, तोंड धू," लक्ष्मीकांत म्हणाले. "त्याला फोन कर, म्हणावं आम्ही येतोय."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा दादा असा दार लावून बसत असेल. त्याला चिडवू नका, त्याची चुगलीही करू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याच्या मित्रांची नावं विचारा. आमच्या घरी ती विचारायला तीन वर्षं लागली.