भूतबंगल्याचा दरवाजा

मित्रांनो, दरवाजाचे वय कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. मी फार जुना सागवानी दरवाजा आहे. त्याआधी काकनकोटेच्या रानात झाड होतो. हत्ती माझ्या खोडाला अंग घासत. अजून दुपारी डोळा लागला की ती खरखर मला गुदगुल्या करते.

म्हैसूरच्या महाराजांच्या काळात मी त्यांच्या शहरात आलो. चामराजपुरमच्या टोकाला फ्रीमेसन नावाच्या गुप्त बंधुसंघाच्या मंडळींनी आपली लॉज, म्हणजे सभेची वास्तू, बांधली आणि मला तिथे बसवले. वकील, डॉक्टर, इंजिनियर, दोन-तीन गोरे साहेब महिन्यातून एकदा जमत, पांढरे एप्रन बांधत आणि मला आतून बंद करून घेत. आतले बाहेर बोलायचे नाही, अशी त्यांची शपथ होती. मग गावाने आपल्या मनाने ठरवले की आत भुते नाचतात! मला वाईट वाटे. आत तर काळ्या-पांढऱ्या फरशीवर चंदनाचा धूर तरंगे आणि म्हातारे गृहस्थ हळू आवाजात बोलत.

बाहेर राखणीला मालोजीराव असत. पूर्वी महाराजांच्या घोडदळात होते. बारा वर्षे उपसलेली तलवार घेऊन माझ्यापाशी उभे राहिले, पण एकदाही आत डोकावले नाहीत.

१९१८ साली तापाची साथ आली. धुके दाटलेल्या एका सकाळी गोदावरीबाई शिंपीण तापलेली लेक खांद्यावर घेऊन आमच्या पायरीवर बसली.

"मालोजीमामा, दवाखान्यात जागा इल्ला, नाहीच म्हणतात. आत निजवू का हिला?"

"अय्यो, बाई! परक्याला आत सोडायचं नाही. नेम आहे."

"मग तुमच्या नेमाला सांगा, हिला पाणी पाज म्हणावं."

मालोजीरावांनी तलवार भिंतीला टेकवली आणि मला ढकलले.

बातमी पसरली. संध्याकाळपर्यंत त्या फरशीवर तेवीस आजारी माणसे निजली होती. नेमकी त्याच दिवशी सभा. लॉजचे प्रमुख डॉक्टर नरसिंहमूर्ती आले आणि उंबऱ्यातच थबकले. मालोजीरावांनी किल्ल्या पुढे केल्या.

"चूक माझी आहे, डॉक्टरसाहेब. नोकरी सोडतो."

डॉक्टरांनी जोडे काढले.

"किल्ल्या राहू द्या," ते म्हणाले. "आधी पाणी तापवा."

पुढचे सहा आठवडे मी मिटलोच नाही. गोदावरीबाईची लेक वाचली. नऊ जण गेले. शेवटी त्याच तापाने मालोजीरावही गेले. त्यांना नेताना माझी दोन्ही कवाडे सताड उघडी होती आणि गाव पहिल्यांदा न घाबरता माझ्यासमोर उभे होते.

पुढे लॉज दुसरीकडे गेली. आता मी देवराज मोहल्ल्यातल्या एका वखारीत पडून आहे. वाळवी हळूहळू कुरतडते.

मित्रांनो, दार लावून घेण्यात काही वाईट नाही. पण त्याच्या बिजागरीला तेल घालत जा. ते कधी, कुणासाठी घाईने उघडावे लागेल, सांगता येत नाही.