हंबीररावांचं कानाचं मशीन

मनुबाईच्या कानामागं मशीन अडकवून कानाची मशीनं विकणाऱ्या महेजबीननं बटण दाबलं, तेव्हा तिला आधी पंखा ऐकू आला. मग खुर्चीची करकर, मग स्वतःच्याच बांगड्या, आणि मग लेकाचा आवाज.

"असंच एक नवं द्या," जयराज म्हणत होता. "मेंढरं विकली की घिऊन जातो."

लांडग्यानं दोन कोकरं नेली त्याला पंधरवडा झाला होता. माणच्या माळावर, भर दुपारी, मनुबाईच्या पाठीमागं वीस पावलांवर. कळप ओरडला असणार, कुत्रं भुंकलं असणार. ती आपली पुढं चालत राहिली. बातमी मुंबईला पोचली. जयराज रजा काढून आला आणि त्यानं व्यापारी ठरवला. अठराच्या अठरा मेंढरं द्यायची आणि आईला मुंबईला न्यायची. तिथं रस्ता ओलांडायचा तर कान हवा, म्हणून मिरजेला आणलं होतं. आत्ता कानाला लावलेलं मशीन तपासणीपुरतं होतं.

"मेंढरं विकून कान घ्यायचा," मनुबाई म्हणाली, "आन ऐकायचं काय?"

कान गेल्यापासून चार वर्षं घरात तिच्यासमोर कुणीही काहीही बोलायचं. तिच्याकडून उत्तर येतं, ही जयराजची सवयच मोडली होती.

महेजबीननं दोघांकडं पाहिलं. "आजी, एक वापरलेलं आहे. कवलापूरचे हंबीरराव म्हणून होते, तोफखान्यातले. मीच बसवून दिलं होतं. मागच्या साली ते गेले. लेकीनं ठेवलंय, कुणाच्या कामी येत असेल तर सांगा म्हणाली."

"मेलेल्या माणसाच्या कानातलं?" जयराज म्हणाला. "गावात तोंड दावू का नको?"

"नव्यात मला जास्त नफा सुटतो, दादा. तरी दोन्ही सांगितलं," महेजबीन म्हणाली.

मनुबाईनं विचारलं, "दात किती झालं त्येचं?"

महेजबीनला उमगेना. जयराजनंच नाइलाजानं सांगितलं, "वय इचारतीया. मेंढी घेताना दात बघत्यात."

"चार वर्षं चाललंय," महेजबीन हसली. "अजून दोन चालेल, तीन चालेल. उद्याही बंद पडेल. गॅरंटी नाही. आवाज मात्र तुमच्या कानाप्रमाणं परत लावून देईन."

"मेंढीची तरी कोन देतंय?" मनुबाई म्हणाली.

महेजबीननं तिच्या कानात मऊ लगदा भरून साचा घेतला आणि आठ दिवसांनी बोलावलं.

आठ दिवसांनी हंबीररावांची लेक राजेश्वरी डबी घेऊन आली. तिनं डबी उघडली, पण खाली ठेवली नाही. करड्या रंगाचं बोटभर मशीन, त्याला बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला हंबीररावांच्या कानाचा पारदर्शक साचा. कानातलं सगळं वळण त्याच्यावर उतरलेलं.

"तात्या बाहेर सोप्यात बसायचे," ती म्हणाली. "मी हाक मारली की याला हात लावायचे. आलं ऐकू, म्हणून."

डबीतलं मशीन घेऊन तिचा हात पुढं आला, पण मूठ सुटेना. देते म्हणून आलेली बाई. आता नाही म्हणायचीही तिला लाज वाटत होती. मनुबाईनं ती मूठ पाहिली. जनावर दुसऱ्याच्या घरी जातं तेव्हा त्याचं दावं देत नाहीत. घेणारा आपलं दावं आणतो, जुनं दावं त्या घरच्या खुंटीला राहतं. मनुबाईनं आजवर किती मेंढरं दिली, किती आणली. दावं ना कधी मागितलं, ना दिलं.

"दावं तुमच्यातच ऱ्हाऊ दे, पोरी," ती म्हणाली.

या वेळी महेजबीनला सांगावं लागलं नाही. तिनं राजेश्वरीच्या मुठीतल्या मशीनमधून नळीसकट तो साचा उपसला आणि तिच्या दुसऱ्या तळव्यावर ठेवला. तसाही तो दुसऱ्या कुणाच्या कानात बसला नसता. राजेश्वरीनं मूठ मिटली आणि दुसऱ्या हातानं मशीन मनुबाईला दिलं. किंमत थोडकी ठरली. राजेश्वरी फुकट देत नव्हती, आणि मनुबाईला फुकट नको होतं. महेजबीननं त्याला मनुबाईचा साचा जोडून आवाज लावून दिला, तोवर जयराज दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तोही आईबरोबर माळावर गेला. मनुबाई पुढं, मागं कळप, कळपात जयराज. मशीन सगळंच सांगत होतं. वारा घोंघावत होता, गवत खसपसत होतं, खुरांचा नुसता गलका. मेंढरांचा आवाज तिच्या आठवणीतल्यासारखा नव्हता. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा बारीक येत होता. कुठलं मेंढरू बोलतंय ते कळेना. दुपारपर्यंत ती कावून गेली, दोनदा मशीन काढलं, दोनदा परत घातलं.

उतरणीला ती थांबली. मागं वळली नाही.

"बांडी खोकतीया."

बांडी, पांढऱ्या-काळ्या रंगाची मेंढी, जयराजच्या गुडघ्याला लागून चालत होती. तो वाकला, कान लावला. घरघर होती. कळपात चालून त्याला ती ऐकू आली नव्हती. त्यानं बांडीला उचलून खांद्यावर घेतलं.

दिवेलागणीला बांडीला औषध पाजून झालं. जयराजनं अंगणातूनच व्यापाऱ्याला फोन लावला. आई समोर बसली होती, तरी तो नेहमीसारखा खुशाल, मोठ्यानं बोलत होता.

"न्हाई, मेंढरं औंदा न्हाई देत... आवं, आयकतीया ती आता... व्हय, जुनंच हाय. दुसऱ्याचं. किती दिस चालतंय कुनाला ठावं? बंद पडलं की कळवतो तुमाला..."

एवढं ऐकून मनुबाईनं मशीन कानावरून काढलं. महेजबीननं सांगितल्याप्रमाणं पदरानं घाम टिपला, बॅटरीचं इवलं दार उघडं ठेवलं, डबीत ठेवून झाकण लावलं. जयराजचे ओठ अजून हलत होते.