उलटं करणारा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे. एवढे मात्र मला नक्की माहीत आहे. बाकी सगळा जन्मभराचा गोंधळ.

मी मुठीत मावेन एवढा. सहा बाजू, प्रत्येक बाजूला एक लोहचुंबक. पाठीवर लाल पट्टी होती आणि तिच्यावर माझे काम छापलेले होते. पण स्वतःच्या पाठीवरचे कोणाला वाचता येते का? मी काय आहे, हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होते.

कारखान्यातून मी माझ्या भावंडांसोबत एका शाळेत आलो. डोळा ठोकळा, चाकांचा ठोकळा, दिव्याचा, बॅटरीचा. आम्हाला एकमेकांना चिकटवले की झाला रोबोट. ना स्क्रू, ना वायर. चौथीतली मुले निळ्या टेबलाभोवती नुसती झुंबड करायची. सकाळच्या तासाला मी कुत्रा असायचो, मधल्या सुट्टीनंतर पंखा. एकदा तर मला गोगलगाय केले. संध्याकाळी डब्यात दिवा विचारायचा, "काय रे, आज कोण होतास?" मी काय कपाळ सांगणार?

तेव्हाच्या बाई मला नेहमी दोन ठोकळ्यांच्या मधोमध बसवायच्या. मुले टाळ्या वाजवायची. मी मात्र आधी डावीकडे बघायचो, मग उजवीकडे. कौतुक नक्की कोणाचे चालले आहे, ते काही कळायचे नाही.

पुढे बाई दुसऱ्या शाळेत गेल्या. त्याच सुमारास कोणीतरी माझी लाल पट्टी नखाने कुरतडून काढली. अगदी सावकाश, गप्पा मारता मारता. झाले! आता मी काय आहे, हे कोणालाच ठाऊक उरले नाही.

नवे सर खेळाचे होते. हा तास त्यांच्या गळ्यात पडला होता. त्यांनी मला उजेड ओळखणारा ठोकळा आणि दिवा यांच्या मध्ये बसवले. टॉर्च मारल्यावर दिवा पेटायला हवा होता, तो विझला. टॉर्च बाजूला नेल्यावर पेटला. सरांनी मला हलवले, फुंकर मारली, सदऱ्याला पुसले. पुन्हा तेच.

"याचं डोकं फिरलंय," सर म्हणाले. "शनिवारी भंगारवाला येईल, त्याला देऊन टाकू."

मी भंगाराच्या खोक्यात, मेलेल्या सेलच्या आणि तुटक्या कात्रीच्या शेजारी जाऊन पडलो. मला जे सांगितले जायचे, ते मी मन लावून करत होतो. निदान मला तसे वाटत होते. मग माझे चुकले तरी कुठे?

शुक्रवारी वर्गात गाड्या बनवायच्या होत्या. कागदी पेल्यांची भिंत रचलेली होती. गाडीने तिथपर्यंत जाऊन थांबायचे, एकही पेला पडता कामा नये. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे 'पण' म्हणायचे, कारण तिचे जवळजवळ प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचे. तिची गाडी लांबून रमतगमत निघायची, आणि भिंत जवळ आली की उधळायची. पेले खोलीभर.

"आपण गाडी केलीय की बैल?" तिचा चष्मेवाला जोडीदार पेले गोळा करून वैतागला होता.

"पण ती बरोबरच करतेय. काही जवळ आलं की डोळा मोठ्याने सांगतो. मोठ्याने सांगितलं की चाकं जोरात पळतात."

"मग डोळ्याला म्हणावं, हळू बोल."

"पण तो कुठला ऐकतोय. मध्ये कोणीतरी उलटं सांगणारं हवं."

"तू बस की मग मध्ये."

ती हसली नाही. ती माझ्या खोक्याकडे बघत होती. मग तिने मला उचलले. "सर, हा उलटं करतो ना?"

"हो, म्हणून तर टाकलाय."

"पण नेहमी उलटं करतो की कधीकधी?"

सर आठवत राहिले. "नेहमी."

"मग तो बिघडलेला कसा? बिघडलेला असता तर कधी बरोबर वागला असता, कधी चूक."

सर तिच्याकडे बघतच राहिले. मीही.

तिने मला डोळ्याच्या आणि चाकांच्या मधोमध बसवले. ओळखीची जागा! गाडी सुसाट निघाली. पेले जवळ येऊ लागले, डोळा ओरडू लागला, "आलं, आलं, आलं!" आणि तो जेवढा ओरडला तेवढे हळू मी चाकांना सांगितले. बोटभर अंतरावर गाडी थांबली. एक पेलासुद्धा हलला नाही.

"अरेच्चा," सर म्हणाले, "याचं कामच ते आहे."

बाईंच्या वेळच्या टाळ्या कोणासाठी होत्या, ते मला त्या क्षणी कळले.

सरांनी कोरी पट्टी आणि पेन 'पण'च्या हातात दिले. तिने काहीतरी लिहून माझ्या पाठीवर चिकटवले. काय लिहिले, ते अजूनही मला वाचता येत नाही. जोडीदार मात्र ते वाचून खूप हसला आणि म्हणाला, "हे तर तुझंच वर्णन आहे."

मित्रांनो, आमच्या पट्ट्या कुरतडू नका. आमची सगळी ओळख तेवढ्यात मावलेली असते. आणि कोणी तुमच्या मनासारखे वागले नाही, तर त्याला खोक्यात टाकण्याआधी एकदा दोघांच्या मध्ये बसवून बघा. उद्या मी कुत्रा असेन की पंखा, देव जाणे. पण शनिवारी भंगारवाला आला आणि गेला, तेव्हा मी डब्यात होतो, दिव्याशेजारी. दिव्याने नेहमीप्रमाणे विचारले, "आज कोण होतास?"

"मीच," मी म्हणालो.